सावेसरांचं ‘आत’

एखाद्या मंडळाचा माणूस वर्षानुवर्षं सेक्रेटरी राहिला, की त्याच्याकडे कुलपाच्या किल्ल्या उरतात आणि किस्से उरतात. किल्ल्या मी कधीच परत केल्या. किस्से मागायला मात्र कोणी आलं नाही. परवा उमरोळीला एका लग्नात आमचा जुना मेंबर भेटला. पंगतीत बसल्या बसल्या त्याने एक काढला, मी एक काढला. वाढपी तिसऱ्यांदा जिलबी घेऊन आला तरी आमचे हात कोरडेच! तेव्हाच ठरवलं, एकदा सांगून टाकू आणि मोकळे होऊ.

तर, ऐंशीच्या दशकात पालघरात आमचा एक कॅमेरा क्लब होता. रविवारी दुपारी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमायचं, एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवायची, चहा प्यायचा, घरी जायचं. वर्षातून एकदा प्रदर्शन. त्याला फक्त मेंबरांच्या बायका यायच्या, त्याही नवऱ्याचा फोटो बघून लगेच निघायच्या. गर्दी व्हावी म्हणून कमिटीने डोकं लढवलं आणि ‘मान्यवरांचा कॅमेरा’ असा खास विभाग काढला.

त्या काळात प्रत्येक नावाजलेल्या माणसाला फोटोग्राफीचा छंद होता. कोणी परदेश दौरा केला की येताना जपानी कॅमेरा यायचा, आणि कॅमेरा आला की छंद आपोआप लागायचा! आम्ही पत्रं पाठवली. नट, खेळाडू, गवई, मंत्री, सगळ्यांचे फोटो धडाधड यायला लागले.

आता ते तपासायचे कोणी? परीक्षक तिघे. स्टेशनजवळ स्टुडिओ असलेले चुरीशेठ, ज्यांनी निम्म्या तालुक्याची लग्नं काढली होती. बोईसरच्या एका कारखान्यातले इंजिनियर मेनन, ज्यांना फोटोबद्दल दोनच वाक्यं यायची, ‘शार्प है’ आणि ‘शार्प नहीं है’. आणि मुख्य परीक्षक म्हणजे आमचे सावेसर. चित्रकलेचे रिटायर्ड मास्तर, पांढरा शर्ट, पायात कोल्हापुरी, आणि तोंडात सुपारी.

सावेसरांच्या अटी होत्या. फोटोच्या मागचं नाव खाकी कागद चिकटवून झाकायचं, निकाल लागल्याशिवाय कागद फाडायचा नाही. प्रत्येक फोटो फळ्याच्या कट्ट्यावर आधी उलटा ठेवायचा, डोकं खाली पाय वर. “सरळ ठेवला की तुम्ही त्यातली गोष्ट बघता. उलटा ठेवला की फोटो दिसतो,” असं त्यांचं म्हणणं. मग सरळ करायचा आणि एकच शब्द बोलायचा. ‘आत’ किंवा ‘बाहेर’. आत म्हणजे प्रदर्शनात लागणार, बाहेर म्हणजे रद्दीत.

आणखी एक अट होती. ज्या फोटोत माणूस आहे आणि फोटो ‘आत’ आहे, त्या माणसाला बक्षीस समारंभाला बोलवायचं आणि फोटोची एक प्रत त्याच्या हातात द्यायची. “तोंड त्याचं वापरलंत ना? मग त्याच्या तोंडावर आणून द्या!”

* * *

पहिल्याच वर्षी एक रिटायर्ड क्रिकेटर आले. नाव मोठं, माणूस साधा. तारापूरच्या खाडीकाठी पक्ष्यांचे फोटो काढायचे. त्यांचा फोटो कट्ट्यावर लागला. खाडीचं पाणी, पाण्यात रोवलेली एक काठी, आणि खाली चिठ्ठी: ‘काठीवर बसलेला खंड्या’.

मेनन पुढे होऊन बघून आले. “शार्प है. लेकिन खंड्या?”

खंड्या नव्हताच! फक्त काठी. सावेसर म्हणाले, “बाहेर.”

निकाल लागल्यावर क्रिकेटर स्वतः भेटायला आले. “अहो, होता हो! मी बटण दाबेपर्यंत होता!” मग म्हणाले, “बॅटिंगचंही माझं असंच झालं शेवटी. बॅट खाली आणेपर्यंत बॉल होता.”

पुढच्या वर्षी त्यांनी तीच काठी पाठवली. खाली चिठ्ठी: ‘खंड्या, थोड्या वेळापूर्वी’.

सावेसरांची सुपारी चावायची थांबली. खूप वेळ विचार करून म्हणाले, “फोटो बाहेर. चिठ्ठी आत.”

आम्ही खरोखर नुसती चिठ्ठी लावली. त्या वर्षी सगळ्यात जास्त गर्दी तिच्यापुढेच होती!

* * *

एक गवईबुवा होते. त्यांनी एका माडाचा अख्खा रोल काढून पाठवला. एकच माड. कधी डावीकडून, कधी जरा आणखी डावीकडून, कधी ढग सरकलाय म्हणून. वर पत्र: ‘यातला एक निवडू नये. सगळे मिळून एकच कृती आहे.’

परीक्षकांनी निमूटपणे बघायला सुरुवात केली. चुरीशेठना मध्ये डुलकी लागली. मेनन प्रत्येक वेळी ‘शार्प है’ म्हणून म्हणून थकले. शेवटचा माड उलटा आणि सरळ बघून झाल्यावर सावेसरांनी मला पत्र लिहायला सांगितलं. एकाच ओळीचं.

‘बुवा, समेवर कधी येणार?’

* * *

मंत्र्यांचा किस्सा मला जरा भीत भीतच सांगावा लागतो. तेव्हा शाळेचा हॉल त्यांच्या शब्दावर मिळायचा. त्यांचा फोटो आला तो सफाळ्याकडच्या एका पुलाच्या उद्घाटनाचा. फोटोच्या मधोमध खुद्द मंत्री, हातात कात्री!

नाव झाकलेलं होतं, पण झाकून काय करणार? सावेसर “बाहेर” म्हणाले आणि निकाल कळवायला मला पीएकडे जावं लागलं. मी म्हटलं, “नियम असा आहे की फोटो स्वतः काढलेला पाहिजे. यात तर साहेब स्वतःच आहेत.”

पीए म्हणाला, “मग? कॅमेरा त्यांचा. कुठे उभं राहून काढायचा तेही त्यांनीच सांगितलं. बटण तेवढं दुसऱ्याने दाबलं.”

“पण मग फोटो त्यांनी काढला असं कसं म्हणायचं?”

पीएने माझ्याकडे दयेने बघितलं. “अहो, पूलही साहेबांनीच बांधला म्हणतात ना? मग त्यांनी काय घमेली उचलली होती?”

 

* * *

आता ज्यांच्यासाठी हे सगळं सांगतोय त्यांच्याकडे येतो. त्यांचं नाव नको. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. हिंदी सिनेमातले खलनायक. विधवांची जमीन लुबाडणं, म्हाताऱ्यांना जिन्यावरून ढकलणं, नायकाच्या बहिणीकडे बघून हसणं ही सगळी कामं त्यांच्याकडे! केळव्याकडे सुरूच्या बनापलीकडे त्यांचा बंगला होता. शूटिंग नसलं की यादव नावाच्या ड्रायव्हरला घेऊन गाडीतून गावोगाव हिंडायचे आणि फोटो काढायचे. प्रत्यक्षात माणूस इतका मऊ की चहावालाही त्यांना बशीत जास्तीचा ओतायचा.

मुंबईच्या सगळ्या स्पर्धांत त्यांना पहिलं बक्षीस होतं. आमच्याकडे पहिल्या वर्षी त्यांनी एका बैलगाडीवाल्याचा फोटो पाठवला. गाडीवाला कासरा सोडून, दोन्ही हात जोडून, तोंड वासून उभा.

सावेसरांनी उलटा बघितला, सरळ बघितला. “बाहेर. आणि अहो, हे नाव झाकून उपयोग काय? कोणी काढलाय ते गाडीवाल्याच्या तोंडावरच लिहिलंय!”

गोष्ट खरी होती. दूरदर्शनवर रविवारी सिनेमा लागायचा, आणि टीव्ही असलेल्या घरात सगळा गाव बसायचा. साहेबांना कोणी ओळखत नाही असं गाव उरलंच नव्हतं. त्यांच्या फोटोतली पोरं एकतर रडत असायची नाहीतर बाहेर पडलेले दात दाखवत असायची. बायका पदर सावरून भिंतीला चिकटलेल्या. माणूस कुठलाही असो, चेहरा एकच: ‘अरे बापरे, हा!’

साहेब स्वतः निकाल ऐकायला आले होते. रागावले नाहीत. चित्रकलेच्या वर्गातल्या बाकावर अवघडून बसले आणि म्हणाले, “सर, मला सगळीकडे पहिला नंबर देतात. तो कॅमेऱ्याला नाही, मला देतात, हे मला कळतं हो. ‘बाहेर’ म्हणणारे तुम्ही पहिले. मला तुमच्याकडून एकदा, एकदाच, खरंखुरं ‘आत’ पाहिजे.”

सावेसर म्हणाले, “मग तुम्हाला न ओळखणारा माणूस शोधा.”

* * *

शोध सुरू झाला. पुढच्या वर्षी साहेबांनी माकडटोपी घातली, जाड भिंगाचा चष्मा लावला आणि उमरोळी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर जाऊन फोटो काढला.

फोटो कट्ट्यावर आला. प्लॅटफॉर्मभर माणसं. भाजीवाली, हमाल, कॉलेजची पोरं. आणि सगळ्यांच्या माना वर! एकूण एक माणूस आभाळाकडे बघतोय.

चुरीशेठ म्हणाले, “काय हो, उमरोळीला विमान उतरलं होतं काय?”

नंतर उलगडा झाला. साहेबांना त्रास नको म्हणून यादवच आधी पुढे धावत गेला होता आणि प्लॅटफॉर्मभर ओरडून आला होता. “साब आ रहे हैं! कोई उनकी तरफ देखना मत!”

बाहेर.

मग साहेब म्हणाले, माणसं नकोतच. पुढच्या वर्षी म्हैस पाठवली. डबक्यात बसलेली, अंगावर ऊन, फोटो खरोखर चांगला होता. मेनन म्हणाले, “बहुत शार्प है.” सावेसरही पुढे वाकले. आम्हाला वाटलं, झालं आता काम!

“म्हैस उत्तम,” सावेसर म्हणाले. “म्हशीने ओळखलेलं नाही. पण मागे बघा.”

मागे झुडपातून म्हशीचा मालक सलाम करत होता.

* * *

त्याच वर्षी एका नाटकातल्या बाईंचा फोटो ‘आत’ गेला, आणि साहेबांना ते फार लागलं.

बाई गंभीर नाटकांतल्या. त्या डोंगराकडच्या एका पाड्यावर गेल्या होत्या. तिथल्या एका म्हातारीला आधी निरोप गेला होता, की फोटो काढायला पाहुणी येणार. म्हातारीने ठेवणीतलं नवं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं. बाई तिला बघून हिरमुसल्या. “आजी, हे नको. रोजचं नेसा. ते फाटलेलं असेल ना, ते. फोटोत जास्त खरं वाटेल.”

म्हातारीने विचारलं, “तुमी काढता काय फोटू फाटकं नेसून?”

आता गंमत अशी की बाईंचा सगळ्यात गाजलेला फोटो फाटक्या लुगड्यातलाच होता. नाटकातला. शहरभर लागलेला! बाईंनी तसं सांगितलं. म्हातारी म्हणाली, “मंग तुमचा हायच की. माजा कशाला परत?”

बाई प्रामाणिक. त्यांनी नव्या लुगड्यातला फोटो काढला आणि हा किस्सा आम्हाला स्वतःच सांगितला. म्हातारी फोटोत अशी बसली होती, जणू जत्रेच्या पालखीचा मान तिच्याकडे आहे. सावेसर लगेच म्हणाले, “आत.” समारंभाला सगळा पाडा डोंगर उतरून आला आणि म्हातारी प्रत छातीशी धरून घेऊन गेली.

साहेब मागच्या रांगेत बसले होते. मला हळूच म्हणाले, “बाईंना ती ओळखत नव्हती ना, म्हणून. बाईंचं नशीब चांगलं.”

मला त्यांची कीव आली. सिनेमात त्यांनी हजारदा मार खाल्ला होता, पण तेव्हा त्यांचा चेहरा असा कधी झाला नव्हता.

* * *

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. कट्ट्यावर एक फोटो उलटा लागला आणि सावेसर चक्क खुर्चीतून उठले.

“हा उलटा धरला तरी शिव्या ऐकू येतायत!”

सरळ केला. सातपाटीचा किनारा. मागे बांबूंवर बोंबील टांगलेले. पुढे एक कोळीण, कमरेवर एक हात, दुसऱ्या हातात खराटा, तोंड पूर्ण उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या. खराटा सरळ फोटो काढणाऱ्याच्या पायांकडे रोखलेला. तिच्यासमोर वाळत घातलेला जवळा, ती बारीक बारीक सुकवायची कोलंबी, आणि अगदी खालच्या कडेला काहीतरी काळं.

“ते खालचं काळं कापायला पाहिजे होतं,” चुरीशेठ म्हणाले.

“हात लावू नका. ती त्याच्याकडेच बघतेय,” सावेसर म्हणाले. “हा गावातल्या कुणा पोराने काढलाय. घरातल्या माणसावर ओरडावं तशी ओरडतेय बघा ती. आत! पहिला नंबर!”

मेननही “शार्प है” म्हणाले, पण त्यांना ते बाईबद्दल म्हणायचं होतं असा मला संशय आहे.

मी मागचा खाकी कागद फाडला. नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं. साहेबांचं!

मी फोटोची मागची बाजू तिघांपुढे धरली. मग चुरीशेठ म्हणाले, “म्हणजे हिने त्यांना ओळखलं नाही!” खालचं ते काळं म्हणजे साहेबांच्या बुटाचं टोक होतं.

मी केळव्याला जाऊन निकाल सांगितला. साहेबांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. “अहो, काय शिव्या दिल्या तिने मला! मी बूट घालून तिच्या जवळ्यात उभा, मला कळलंच नाही. माझ्याशी इतकी वर्षं असं कोणी बोललेलं नाही. तिने मला ओळखलंच नाही हो! जगात एक माणूस आहे की ज्याने मला ओळखलं नाही!”

समारंभाला हॉल गच्च भरला. नियमाप्रमाणे त्या कोळिणीलाही बोलावलं होतं. चंद्राबाय तिचं नाव. बाजार आटोपून, केसांत अबोलीचा गजरा माळून आली आणि पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसली. साहेब स्टेजवर आले तशी तिने मला कोपराने ढोसलं.

“यो तोच ना रे, म्हातारीला जिन्यावरून ढकलतो तो?”

मी तिच्याकडे वळलो. म्हटलं, “तुला माहीत आहे?”

“म्हंजे? आमी टीवी नाय बघत?”

मी सावेसरांना खुणा करायला लागलो. त्यांचं लक्ष नाही. तोवर साहेबांनी माइक हातात घेतला होता. सन्मानपत्र छातीशी धरून ते सगळ्या हॉलला सांगत होते की आजवरची सगळी बक्षिसं एकीकडे आणि हे एकीकडे. कारण हे त्यांच्या तोंडाला मिळालेलं नाही. “या बाईला मी कोण ते माहीतच नव्हतं!” टाळ्यांचा कडकडाट. मग त्यांनी चंद्राबायला वर बोलावलं, फोटोची प्रत तिच्या हातात दिली, आणि माइक तिच्यापुढे धरला.

“बाय, तूच सांग सगळ्यांना. तू मला ओळखलं नव्हतंस ना?”

मी मान खाली घातली.

“वळखलं नाय कसा?” चंद्राबाय म्हणाली. “गाडीतून उतरला तवाच वळखला. पोरींना हाक पन मारली मी, धावा गं, बघा कोन आलाय!”

 साहेबांचा चेहरा पडला. सन्मानपत्राचा हात हळूहळू खाली आला. सावेसर खुर्चीतून अर्धे उठून तसेच थांबले.

“मग...” साहेब म्हणाले, “मग ओळखलंस, तरी माझ्यावर एवढी ओरडलीस कशी?”

चंद्राबायने त्यांच्याकडे बघितलं. एवढ्या मोठ्या माणसाला एवढी साधी गोष्ट कळत नाही, याचं तिला खरंच आश्चर्य वाटलं असावं.

“पाय माज्या जवल्यावर व्हता ना तुजा!”

साहेबांनी खाली बघितलं. स्टेजवर नुसतं जाजम होतं. त्यांनी उजवा पाय उचलला आणि जपून बाजूला ठेवला.